चार उतारे, चाळीस गुण

काओयान या चीनमधल्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतला इंग्रजीचा पेपर मी स्वतः दिलेला नाही. ती परीक्षा चिनी विद्यार्थ्यांची. आम्हा परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश वेगळ्या वाटेने होतात. पण २०२३ च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत त्या पेपरची तयारी मी एका मुलीच्या जोडीने केली. तिने सोडवलेला प्रत्येक उतारा मीही सोडवला, तिला पाठ करायचे होते ते शब्द मीही चाळले, आणि इंग्रजी वाचणं म्हणजे नेमकं काय, हे इतकी वर्षं इंग्रजीतून शिकूनही मला त्या वर्षी जास्त नीट कळलं. म्हणून हे लिहिते आहे.

मी सांगलीकडची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत, पुढे इंजिनिअरिंग आणि आता चीन सरकारच्या शिष्यवृत्तीवर नानचिंगमध्ये सांडपाण्याच्या शुद्धीकरणावर पीएचडी. आमच्या प्रयोगशाळेत पदवीच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी छोट्या प्रकल्पासाठी येऊ लागली. आनहुई प्रांतातल्या एका खेड्यातली, आईवडील शेतकरी. चिनी प्रयोगशाळांमध्ये एकाच गुरूच्या हाताखालची मंडळी एकमेकांना नावाने फारशी हाक मारत नाहीत, नात्याने मारतात. मोठ्या गुरुभगिनीला शिजिए, धाकटीला शिमेई. पहिल्याच दिवशी मी तिची शिजिए झाले. पंधरा दिवसांनी नमुने गाळता गाळता ती म्हणाली, "शिजिए, मला काओयान द्यायचीय. गणिताची भीती नाही. इंग्रजीची आहे."

काओयान म्हणजे चीनमधली पदव्युत्तर प्रवेशाची देशव्यापी लेखी परीक्षा. डिसेंबरच्या शेवटाकडे, शनिवार-रविवार. शनिवारी सकाळी राज्यशास्त्र, दुपारी परकीय भाषा. रविवारी दोन विषयांचे पेपर, अभियांत्रिकीवाल्यांना त्यातला एक गणिताचा. प्रत्येक पेपर तीन तासांचा, एकूण गुण ५००. आमच्या वर्षी अर्ज होते ४३ लाख ८० हजार, आणि त्याच्या आदल्या वर्षी ४७ लाख ४० हजार. जागा याच्या जवळपासही नसतात. नापास झालेली मुलं पुढच्या वर्षी पुन्हा बसतात, त्याला ती 'दुसरं युद्ध' म्हणतात. पास होण्याला म्हणतात 'शांग-आन', म्हणजे काठाला लागणं.

आणि एकूण गुण भरपूर असून भागत नाही. प्रत्येक विषयाची वेगळी किमान रेषा असते. गणितात कितीही मिळवा, इंग्रजी रेषेच्या खाली गेलं की सगळं संपलं. इंग्रजीच्या रेषेवर अडकलेली माझ्या माहितीतली मुलं हुशार होती, खरोखर हुशार होती. दहावीनंतर विज्ञानाच्या वर्गात गप्प बसलेले माझे मित्र मला त्यांच्यात दिसायचे. शिमेईला हो म्हणण्यामागे हेच होतं.

पेपर दोन प्रकारचे. इंग्रजी-एक प्रामुख्याने संशोधनाकडे जाणाऱ्यांसाठी, इंग्रजी-दोन मुख्यतः व्यावसायिक पदव्यांसाठी. हा दुसरा २०१० पासून सुरू झाला. शिमेईचा इंग्रजी-एक, तोच जास्त कठीण. १०० गुणांपैकी २० गाळलेल्या जागांना प्रत्येकी अर्धा गुण, म्हणजे १०. चार उतारे, त्यांवर २० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, म्हणजे ४०. वाक्यं किंवा परिच्छेद जुळवण्याचे १०, पाच अधोरेखित वाक्यांच्या भाषांतराचे १०, आणि लेखनाचे ३०: एक छोटं पत्र आणि चित्रावरून निबंध. म्हणजे वाचनाचा एक प्रश्न म्हणजे गाळलेल्या चार जागा. काओयानची मुलं म्हणतात, ज्याने वाचन जिंकलं त्याने जग जिंकलं. गुणांचा हिशेब पाहिला की ते पटतं.

अभ्यासक्रमात शब्दसंख्या साधारण ५,५०० दिलेली आहे. हा आकडा मुलांच्या डोक्यात जाऊन बसतो. शिमेईकडे लाल वेष्टनाचं शब्दांचं जाडजूड पुस्तक होतं आणि फोनमध्ये ॲप. ॲप जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसच्या विस्मरणाच्या वक्ररेषेवर चालतं: शब्द विसरायच्या बेताला आला की तो पुन्हा समोर आणतं. वर्णानुक्रमाने लावलेल्या पुस्तकांत सुरुवातीलाच 'अबॅन्डन' भेटतो, म्हणजे सोडून देणं, आणि चीनमधल्या प्रत्येक विद्यार्थ्याला निदान तो एक शब्द पक्का पाठ असतो. शिमेईने मात्र पुस्तक सोडलं नव्हतं. सकाळी साडेसहाला तळ्याकाठी उभं राहून ती मोठ्याने घोकायची. तिथे रांगेने अशी मुलं असतात, प्रत्येकाचं तोंड वेगळ्या झाडाकडे.

पहिल्या आठवड्यात मी तिला ॲपमधलेच शब्द विचारले. दहातले नऊ बरोबर. मग जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक उतारा दिला, पाचातले दोन बरोबर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सगळे शब्द ओळखीचे आहेत, आणि परिच्छेद अनोळखी आहे," ती म्हणाली. इतकं अचूक निदान मला सुचलं नसतं.

मग आम्ही तो उतारा पेन्सिल घेऊन पुन्हा वाचला. अडचण कुठे होती ते तासाभरात दिसलं. एक तर ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ. 'ॲड्रेस' म्हणजे पत्ता हे तिला ठाऊक, पण एखादा प्रश्न 'ॲड्रेस' करणं म्हणजे तो हाती घेऊन सोडवायला लागणं, हे नाही. 'चॅम्पियन' हे क्रियापद झालं की पाठराखण करणं होतं. 'डिसिप्लिन' ही शिस्त नसून ज्ञानशाखा असते, 'नॉव्हेल' म्हणजे कादंबरी नव्हे, नवं. या परीक्षेत हे मुद्दाम येतं; मुलांकडे त्यासाठी खास चिनी शब्दप्रयोगही आहे. ॲप एका शब्दाला एक अर्थ दाखवतं, आणि परीक्षक बरोबर त्याच्या पलीकडचा उचलतात.

म्हणून आम्ही ठरवलं की एप्रिलपासून नवा शब्द फक्त उताऱ्यातून घ्यायचा, त्याच्या वाक्यासकट. ॲप बंद केलं नाही. बसच्या रांगेत, जेवणघरात ते चालू राहिलं, कारण वारंवार भेटल्याशिवाय शब्द टिकत नाही हेही खरंच आहे. पण अभ्यासाच्या टेबलावर ॲप नाही.

शब्दांच्या बाबतीत माझ्या शाळेतलं संस्कृत कामी आलं. आठवी ते दहावी आम्हाला पूर्ण संस्कृत होतं आणि बाई फळ्यावर एकच धातू लिहून त्याला उपसर्ग लावत जायच्या: प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार. शिमेईला मी तेच इंग्रजीत करून दाखवलं. 'स्पेक्ट' म्हणजे पाहणं. 'इन्स्पेक्ट' आत डोकावून पाहणं, 'प्रॉस्पेक्ट' पुढे पाहणं, 'रिट्रोस्पेक्ट' मागे वळून पाहणं, 'रिस्पेक्ट' म्हणजे वळून पुन्हा पाहावंसं वाटणं. ती चिनी मुलगी. अक्षराच्या कडेला पाण्याचे तीन थेंब दिसले की शब्द पाण्याशी संबंधित असणार हे तिच्या हाडीमांसी खिळलेलं. तिला ही गोष्ट सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच 'ड्यूस'चं कुटुंब काढून आणलं: प्रोड्यूस, रिड्यूस, इंट्रोड्यूस, डिड्यूस. सगळे शब्द असे फुटत नाहीत, आणि जे फुटतात त्यांचाही अर्थ कधीकधी मुळापासून लांब गेलेला असतो. पण घोकंपट्टीचा भार यामुळे हलका होतो, आणि शब्द पाहून दचकायचं थांबतं.

खरं दुखणं होतं लांब वाक्यं. मुलं त्यांना 'छांग-नान-ज्यू' म्हणतात, लांब आणि अवघड वाक्य. चीनमध्ये यावर स्वतंत्र शिकवण्या चालतात. इथे मला एक गोष्ट लक्षात आली आणि तिचा आम्हाला खूप उपयोग झाला. चिनी आणि मराठी या बाबतीत एका बाजूला आहेत. मराठीत आपण 'काल आलेला माणूस' म्हणतो, विशेषण आधी, माणूस मागून. चिनीतही तसंच, 'काल आलेला' आधी, 'माणूस' शेवटी. इंग्रजीत माणूस आधी उभा राहतो आणि त्याची सगळी माहिती मागून येत राहते, कधी दोन ओळी. चिनी वाचक नाम दिसलं की समजतो, याचं वर्णन होऊन गेलं, आता क्रियापद येईल. आणि पुढे जे पहिलं क्रियापदासारखं दिसेल त्याला धरतो. मराठी माध्यमातून आलेलं पोरही हेच करतं. मी अकरावीत हेच करत होते.

२०११ च्या इंग्रजी-एकमधला पहिला उतारा याचा नमुना आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने ॲलन गिल्बर्ट यांना संगीत दिग्दर्शक नेमलं, त्यावरचा लेख. पहिल्याच वाक्यात 'डिसिजन' हा कर्ता येतो, मग कोणाचा निर्णय, कशाचा निर्णय, कोणाला कोणत्या पदावर घ्यायचा निर्णय, असं करत करत सोळा शब्द होतात आणि मग कुठे मुख्य क्रियापद येतं. मध्ये 'हायर' बसलेलं असतं. शिमेईने 'हायर' धरलं आणि वाद्यवृंदाने गिल्बर्ट यांना नेमलं एवढंच वाक्य वाचलं. पुढचा अर्धा भाग, म्हणजे ही नेमणूक जाहीर झाल्यापासून संगीताच्या जगात तिचीच चर्चा आहे, हा लोंबकळत राहिला. वाक्याचा मुद्दा तर तोच होता.

त्यावर आमची पद्धत अशी बसली. वाक्यात जेवढी क्रियापदासारखी दिसणारी रूपं असतील तेवढी शोधायची. 'टू' लागलेली, 'इंग' लागलेली बाजूला. 'दॅट', 'व्हिच', 'हू'च्या पोटात असलेली बाजूला. जे उरतं ते मुख्य क्रियापद. त्याच्याखाली जाड रेघ, मग मागे जाऊन कर्ता शोधायचा, त्याच्याखालीही रेघ. एवढी दोन टोकं हातात आली की मधलं सगळं कंसात टाकून नंतर सावकाश वाचता येतं. रोज दोन वाक्यं, त्याहून जास्त नाही, पण त्यांचं चिनी भाषांतर लेखी. मनातल्या मनात केलेलं भाषांतर आपल्याला फसवतं. कागदावर लिहिताना कोणता तुकडा कोणाला चिकटतो हे ठरवावंच लागतं. भाषांतराच्या दहा गुणांची तयारी वेगळी करायची गरज आम्हाला पडली नाही, ती यातच होऊन गेली.

जुन्या प्रश्नपत्रिका हाच या तयारीचा जीव आहे. बाजारात सराव-पेपर ढिगाने मिळतात आणि माझं मत स्पष्ट आहे: वाचनासाठी ते घेऊ नयेत. खऱ्या पेपरचे उतारे इकॉनॉमिस्ट, गार्डियन, नेचर, सायन्स अशा ठिकाणांहून घेऊन कापून-बेतून बसवलेले असतात, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय नेमका का चुकीचा आहे हे उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतं. सराव-पेपरमध्ये बरोबर पर्यायच डळमळीत असतो. त्यावर रोज सराव केला की चांगला कान बिघडतो. खरे उतारे मात्र मोजकेच. वीस वर्षांचे धरले तरी ऐंशी. म्हणून ते भराभर संपवायचे नाहीत, परत परत वाचायचे. अगदी अलीकडच्या वर्षांचे पेपर आम्ही हात न लावता नोव्हेंबरसाठी राखून ठेवले होते.

त्या न्यूयॉर्कच्या उताऱ्याकडे परत येते, कारण त्यातून आमची वही सुरू झाली. पहिल्या परिच्छेदात लेखक म्हणतो, प्रतिक्रिया बहुतांशी अनुकूल होत्या, निदान एवढं तरी म्हणावं लागेल. प्रश्नातल्या बरोबर पर्यायात शब्द आहे 'अक्लेम', म्हणजे वाहवा. पुढे एका समीक्षकाच्या मते गिल्बर्ट 'अनप्रिटेन्शस' आहेत, म्हणजे कसलाही बडेजाव नसलेले. पर्यायांत 'इन्फ्लुएन्शल', 'मॉडेस्ट', 'रिस्पेक्टेबल', 'टॅलेंटेड'. शिमेईने 'टॅलेंटेड'वर खूण केली होती. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाने नेमला म्हणजे गुणी असणारच, असा तिचा युक्तिवाद. युक्तिवाद बरोबर असेलही, पण तो तिचा होता, समीक्षकाचा नव्हे. उत्तर 'मॉडेस्ट', विनम्र.

तेव्हापासून वहीच्या पानाला मधोमध रेघ मारली. डावीकडे उताऱ्यातले शब्द, उजवीकडे बरोबर पर्यायातले. डावीकडे 'फेव्हरेबल', उजवीकडे 'अक्लेम'. डावीकडे 'अनप्रिटेन्शस', उजवीकडे 'मॉडेस्ट'. उन्हाळ्यापर्यंत ही वही भरत आली आणि माझ्या मते तिच्या सगळ्या शब्दसाधनेत सर्वांत मोलाची तीच होती. या परीक्षेत बरोबर उत्तर उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे क्वचितच वापरतं. तोच अर्थ दुसऱ्या कपड्यांत येतो. जो पर्याय उताऱ्यातले शब्दच उचलून बसलाय त्याच्याकडे संशयाने बघायचं, हे तिला वहीने शिकवलं. चुकीच्या पर्यायांच्या तऱ्हाही हळूहळू ओळखीच्या झाल्या: कार्य आणि कारण यांची अदलाबदल, 'काही'चं 'सगळे' करणं, उताऱ्यात नसलेलं पण व्यवहारात खरं असलेलं विधान, आणि एकाचं मत दुसऱ्याच्या तोंडी घालणं.

ही शेवटची तऱ्हा सर्वांत घातक. त्याच उताऱ्यात समीक्षक गिल्बर्ट यांच्या बाजूचा आहे, लेखक मात्र साशंक. लेखकाचा मुद्दा असा की आजच्या श्रोत्याला घरबसल्या थोर दिवंगत कलाकारांची ध्वनिमुद्रणं स्वस्तात ऐकता येतात, मग मैफलीला माणसं कशी आणायची? हे तिला समजावताना मला पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आठवला. भीमसेन जोशींची मुद्रणं घरात असताना डिसेंबरच्या थंडीत मंडपात जाऊन बसणारी माणसं माझ्या घरातच आहेत. मी लेखकाशी मनातून भांडत होते. शिमेई म्हणाली, "शिजिए, तुझं मत विचारलेलं नाही." धडा मी दिलेला, आणि तो तिने मला इतक्या लवकर परत शिकवला याचा मला फार आनंद झाला.

तिची खरी कसोटी २०१७ च्या उताऱ्यात लागली. हवाईतल्या माउना केआ पर्वतावर प्रचंड दुर्बीण उभारायची, आणि तो पर्वत स्थानिकांना पवित्र म्हणून त्यांचा विरोध. शेवटचा प्रश्न: जागेच्या निवडीबद्दल लेखकाची भूमिका काय? पर्यायांत कडक टीका, निमूट स्वीकार, थोडी चलबिचल आणि पूर्ण पाठिंबा. तिने 'थोडी चलबिचल' निवडलं. मी विचारलं, उताऱ्यात चलबिचल कुठे आहे, बोट ठेव. ती शोधत राहिली. विरोधकांची बाजू दोन-तीन ठिकाणी मांडलेली होती, पण प्रत्येक वेळी पाठोपाठ लेखकाचं खंडन. प्राचीन हवाईयन स्वतःच आकाशाचे अभ्यासक होते, विज्ञानालाही सांस्कृतिक इतिहास आहे, दोन्ही सुखाने एका पर्वतावर नांदू शकतात, असं तो सांगतो. पूर्ण पाठिंबा. "मग चलबिचल माझी होती," ती म्हणाली. तिच्या गावाजवळच्या टेकडीवर तिच्या आजोबांची कबर आहे. त्या टेकडीवर कोणी यंत्रं आणली तर तिला कसं वाटेल, हे तिने मला त्या संध्याकाळी पुष्कळ वेळ सांगितलं. मी ऐकत राहिले. ते ऐकणंही आवश्यक होतं. आपली बाजू नीट ओळखल्याशिवाय लेखकाची वेगळी काढता येत नाही.

नानचिंग हे चीनच्या जुन्या 'भट्टी' शहरांपैकी एक. जुलै-ऑगस्टमध्ये वसतिगृहाच्या खोलीत वाचन अशक्य होतं, म्हणून सगळे ग्रंथालयात. सकाळी दार उघडायच्या आधी रांग, टेबलावर पुस्तकांचा ढीग आणि गरम पाण्याची बाटली ठेवून जागा धरलेली. शिमेई उन्हाळ्यात घरी गेली नाही. दिवसाला एक उतारा: पहिल्यांदा घड्याळ लावून, मग उत्तरं न बघता पुन्हा सावकाश, आणि प्रत्येक प्रश्नासमोर उताऱ्यातल्या ओळीचा क्रमांक. ओळ सापडली नाही तर उत्तर बरोबर असलं तरी ते चूक धरायचं. हा नियम तिचाच, आणि तो माझ्यापेक्षाही कडक होता.

सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबरात नावनोंदणी, नोव्हेंबरात कागदपत्रांची खातरजमा. राज्यशास्त्राची पाठांतरं सुरू झाली तसा इंग्रजीचा वेळ आटत गेला. तेव्हा आम्ही फक्त दोन गोष्टी राखल्या: जुने उतारे दुसऱ्यांदा, आणि वही. निबंधासाठी मुलं ठरीव साचे पाठ करतात. शिमेईनेही केले, आणि मी अडवलं नाही. फक्त प्रत्येक साच्यातली निदान तीन वाक्यं तिची स्वतःची असावीत एवढं बघितलं. नोव्हेंबरात राखून ठेवलेले पेपर शनिवारी दुपारी २ ते ५ असे बसून सोडवले, खऱ्या वेळी. तिचा क्रम ठरला: आधी चार उतारे, मग जुळवाजुळव, भाषांतर, लेखन, आणि अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या गाळलेल्या जागा सर्वांत शेवटी. उताऱ्यांना सव्वा तासाच्या वर द्यायचा नाही.

नानचिंग यांगत्सेच्या काठी, म्हणजे ज्या रेषेच्या उत्तरेला सरकारी सामुदायिक उष्णता मिळते तिच्या दक्षिणेला. थंडी भरपूर आणि खोल्या गार. डिसेंबरात ग्रंथालयात मुलं मांडीवर रबरी पिशवी घेऊन बसायची. शनिवारी, २३ डिसेंबरला दुपारी मी तिच्या परीक्षा केंद्राच्या बाहेर उभी होते. आईबाप, मित्र, गरम चहाचे थर्मास, सगळी गर्दी आपल्याकडच्या बारावीच्या केंद्राबाहेर असते तशीच. पाच वाजून गेल्यावर ती आली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "सगळ्या प्रश्नांना ओळ सापडली, एक सोडून." मी पुढे काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गणित होतं.

वसंतोत्सव होऊन गेल्यावर फेब्रुवारीच्या शेवटी निकाल लागला. इंग्रजी ७१. मार्चमध्ये ज्या मुलीला पाचात दोन उत्तरं येत होती तिचे हे गुण. गणिताने मात्र तिला दगा दिला. देशाची रेषा ओलांडली, पण आमच्या विद्यापीठाची नाही. मग 'थ्याओ-ची', म्हणजे जिथे जागा रिकाम्या आहेत तिथे नव्याने अर्ज. गान्सू, युन्नान, शिनच्यांग धरून दहा प्रदेशांचा 'ब' गट आहे, तिथली रेषा थोडी खाली असते. एप्रिलच्या सुरुवातीला ती यंत्रणा उघडली आणि गान्सूमधल्या लान्चौहून तिला मुलाखतीचं बोलावणं आलं.

मुलाखतीत इंग्रजीही असतं: स्वतःची ओळख, आणि बऱ्याच ठिकाणी आपल्या विषयातल्या शोधनिबंधाचा एक परिच्छेद तिथल्या तिथे वाचून भाषांतर. आम्ही फोनवर आठवडाभर तेच केलं, माझ्याच कामातले निबंध घेऊन. तिला मिळालेला परिच्छेद सांडपाण्यातून नायट्रोजन काढण्यावरचा होता. दोन शब्द तिला मुळीच माहीत नव्हते. तिने आधी क्रियापदांखाली नखाने रेघ ओढली, भाषांतर केलं, ते दोन शब्द संदर्भावरून सांगितले. मग एका प्राध्यापकांनी विचारलं, या पद्धतीबद्दल तुझं म्हणणं काय? ती म्हणाली, "परिच्छेदात दुसऱ्या संशोधकांचा दावा दिलाय. लेखक तो मान्य करतात का, हे इथे अजून आलेलं नाही. पुढचा परिच्छेद वाचल्याशिवाय मी माझं मत सांगणार नाही." त्यांनी तिला पुढचा परिच्छेद दिला.

सप्टेंबर २०२४ मध्ये ती लान्चौला रुजू झाली.